दिव्यातलं तेल आणि अम्माची कढई

आमच्या घरात कढई चुलीवर चढली की गल्लीतल्या बायकांचं बोलणं मध्येच थांबायचं, असा एक हिवाळा माझ्या लहानपणी होऊन गेला. आज माझी नातसून रोज काही ना काही तळत असते, खिडक्या सताड उघड्या टाकून. मला मात्र अजून तेलात काही पडल्याचा चर्र आवाज आला की उठून दार लोटून घ्यावंसं वाटतं. ती म्हणते, "दादी, धूर कोंडतो ना घरात!" कोंडू दे, बाई. तुला काय ठाऊक! तिला तोंडी सांगायला गेले तर अर्ध्यातच तिचा फोन वाजतो, म्हणून लिहायला बसले आहे. घरात आम्ही दखनी बोलायचो, गल्लीत मराठी, आणि भांडायला दोन्ही. लिहायला मी फार उशिरा शिकले, मुलीच्या पाटीवर, तेही मराठीच. तेव्हा इथं सगळी माणसं मराठीतच बोलतील.

बीडजवळ, पालीच्या पलीकडं, बिंदुसरा नदीच्या काठाला आमचं गाव. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्यातले दिवस. माझे अब्बा गावचे मुलाणी. म्हणजे मशीद झाडायची, पाची वक्ताची अजान द्यायची, विहिरीचं पाणी ओढून हौद भरायचा, चटया झटकायच्या, दिवा लावायचा, आणि मुक्कामाला वाटसरू आला तर त्याच्या भाकरीचं बघायचं. याच्या बदल्यात नदीकडेला इनामाचा एक तुकडा होता आणि मशिदीच्या भिंतीला लागून दोन खणांचं घर. त्याचं मागचं दार थेट मशिदीच्या अंगणात उघडायचं. चाकरी गेली तर शेतही गेलं आणि घरही, हे आम्हा भावंडांना कळत्या वयाच्या आधीच कळलेलं. अब्बांचे अब्बा मरताना सांगून गेले होते, "मशिदीत आलेला मानूस तहानेला जाऊ नये, अंधारात ठेचाळू नये, आन् दारात त्याला कुणी जात इचारू नये. एवढं जमलं तर अजान देनाऱ्याचा गळा गोड नसला तरी भागतंय." हे शेवटचं अब्बांसाठीच असावं, कारण त्यांचा आवाज फुटक्या घागरीसारखा होता. पण कामाला माणूस चोख. हौदात एक पान पडलेलं त्यांना खपत नसे.

संध्याकाळचे आवाज मला आजही एकामागून एक आठवतात. आधी विहिरीच्या चाकाची कुरकुर, मग चटया झटकल्याचे फटके, मग आमच्या चुलीपाशी अम्माची भाकरी थापल्याची थपथप. उन्हं उतरली की मशिदीच्या दाराशी बायका जमायच्या. कुणाच्या कडेवर किरकिरं लेकरू, कुणाच्या हातात पाण्याचा तांब्या. मगरिबची, म्हणजे दिवेलागणीची नमाज संपवून माणसं बाहेर यायची आणि जाता जाता दुवा पुटपुटत लेकरांवर, पाण्यावर फुंकर घालायची. त्यात आमच्या बायका असत तशा माळ्याच्या, तेल्याच्या, पाटलाच्या घरच्याही असत. दाराशेजारच्या कोनाड्यात मशिदीचा मोठा दिवा असायचा. कुणी त्याची काजळी बोटावर घेऊन लेकराच्या कपाळाला लावायची. अब्बा कधी कुणाला हटकायचे नाहीत. मग ईशापर्यंत, म्हणजे रात्रीच्या शेवटच्या नमाजेपर्यंत तो दिवा जळायचा, माणसं त्याच्याच उजेडात हौदावर हातपाय धुवायची आणि नमाज झाली की अब्बा तो फुंकायचे.

त्या हिवाळ्यात थंडीनं कहर केला. घरोघरी लेकरं ढासत होती, म्हाताऱ्यांचे सांधे धरले होते. आणि नेमका त्याच हिवाळ्यात मशिदीचा दिवा ईशाच्या आधीच विझायला लागला. अब्बा अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर काठोकाठ तेल भरायचे, आणि ईशाच्या अजानीला बघावं तर वात कोरडी. आधी अब्बा म्हणाले, रात मोठी झाली, तेल जास्त लागणारच. मग ते दुसऱ्यांदा तेल ओतायला लागले, तरी तेच. मशिदीला तेल द्यायचं ते सोपान तेल्यानं, त्याच्या आज्यापासूनची रीत होती. करडईच्या तेलाची बरणी तो महिन्याकाठी भरून द्यायचा. पण ती बरणी राहायची कुठं? आमच्या घरात, चुलीमागच्या फळीवर. तिथंच सगळा घोळ झाला.

एका संध्याकाळी अंधारात हौदाच्या ओल्या फरशीवर हुसेनचाचांचा पाय घसरला. हुसेनचाचा म्हणजे आमच्या जमातीचे मुखिया. बागवान, पेरूच्या बागा, आवाज असा की बीडच्या बाजारात त्यांनी भाव सांगितला की पालीला ऐकू यावा. त्यांचा गुडघा सुजून भोपळा झाला. फरशीवर पडल्या पडल्याच ते ओरडले, "खुदाच्या घरात अंधार, आन् मुलाण्याच्या चुलीवर रोज तळन! कावून बे, कुटं जातंय तेल?"

झालं! एकदा बोललं गेलं की ते सगळ्यांच्याच मनात आधीपासून होतं असं निघालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी विस्तव मागायला येणाऱ्या बायका वाढल्या. तेव्हा काडेपेटी जपून वापरायचे, शेजारणीच्या चुलीतला निखारा खापरीत घालून न्यायची पद्धत होती. पण ज्यांच्या घरच्या चुली धडधडून पेटलेल्या दिसायच्या, त्याही यायच्या. विस्तव घ्यायचा आणि डोळे फळीवरच्या बरणीवरून, कढईवरून, आमच्या ताटांवरून फिरवायचे. हुसेनचाचांची बायको मलिकाचाची तर एकदा वाकून म्हणाली, "भाबी, आज काय गोडधोड? वास लई छान येतोय." अम्मानं धाकट्याच्या हट्टासाठी मूठभर गुलगुले केले होते, तेही आमच्या स्वतःच्या बाटलीतल्या तेलात. अम्मानं ती बाटली उचलून तिच्या नाकासमोर धरली. चाची हसून म्हणाली, "अगं, मी कुटं काय म्हनलं?" न म्हणणाऱ्यांचंच तर भ्या असतं. त्या दिवशी अम्मानं कढई घासली, पुसली, आणि खुंटीला पालथी टांगली. मग आमच्याकडं नुसती भाकरी, ठेचा आणि पाण्यात शिजवलेलं वरण. फोडणीसुद्धा नाही.

संशय हा असा पाहुणा आहे की त्याला एका घरात करमत नाही. आम्ही सोपानवर संशय घेतला, की बरणी कमी भरतो. वाटसरूंवर घेतला, की पायाला चोळतात. माझ्या भावानं मला विचारलं, तू डोक्याला लावतेस का गं. मी त्याला दोन धपाटे घातले आणि मग त्याचंच डोकं हुंगून बघितलं. पण खरं सांगू? आमच्या घरातला खरा संशय वेगळाच होता. अब्बा दुपारी नमाज करून जेवायला यायचे, तेव्हा अम्मा पाणी आणायला मागं गेलेली असायची. एकदा मी जात्यामागं बसले होते. अब्बा आले, इकडंतिकडं बघितलं, आणि वाकून त्यांनी वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. वास घेतला. पुन्हा ठेवलं. मग दुसऱ्या गाडग्यावरचं. मला वाटलं भूक लागली असेल. पण भुकेल्या माणसाची तऱ्हा निराळी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या वेळी मी मान वळवली तर दाराशी अम्मा उभी, कमरेला घागर. तिनं बघितलं होतं. ती काही बोलली नाही. माझी अम्मा आणि बोलली नाही! कोंबडी अंगणात शिरली तरी जी तिच्या सात पिढ्या काढायची, ती गप्प राहून आमची ताटं वाढायला लागली. मला रडूच आलं.

हुसेनचाचांनी गुडघ्याला फडकं बांधून, गाडीत बसून बीड गाठलं आणि कचेरीत तक्रार केली. मशिदींची व्यवस्था बघणारा एक साहेब तिथं असायचा. निरोप आला की साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला येणार. चाकरी नीट चालत नसेल तर इनाम काढून दुसऱ्याला देणार. दुसरा कोण, तेही गावात बोललं जात होतं. हुसेनचाचांच्या मेव्हण्याचा गळा म्हणे फार गोड होता.

अम्मानं दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेतला, बरणी उचलली आणि मला म्हणाली, "चल गं." आम्ही सोपानच्या घाण्यावर गेलो. बैल फिरत होता, पेंडीचा वास दाटला होता. अम्मा म्हणाली, "सोपान, ह्या महिन्याला करडईचं नको. करंजाचं दे."

सोपान चपापला. करंजाचं तेल कडूजार, खायला चालत नाही, वास असा की हाताला लागलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. गुरांच्या खरजेला लावायचं तेल ते. तो म्हणाला, "भाबी, मशिदीत? लई उग्र हाय. लोक नाकं धरतील."

"धरू दे. तळता तर येत न्हाई ना त्याच्यात?"

सोपाननं मान खाली घातली. बैलाला थांबवलं आणि गप बरणी भरून दिली. निघताना त्याची म्हातारी आई ओट्यावरून मला म्हणाली, "पोरी, तुझ्या आईला म्हनावं जिवाला लावून घिऊ नगं." आता आठवलं की तिच्या त्या मायेचं हसू येतं. का, ते पुढं येईलच.

अब्बांना ते तेल आवडलं नाही. मशिदीत उग्र वास नको, कांदा खाऊनसुद्धा येऊ नये म्हणतात, वगैरे सांगायला लागले. अम्मा म्हणाली, "करंज कडू आसतोय, घान न्हाई. आन् तुमाला आता झाकनं उचलायची गरज न्हाई. ह्ये मी रांधलं तर वास गावाला जाईल." अब्बांचा चेहरा उतरला. त्यांनी बरणी घेतली आणि दिवा भरायला निघून गेले. मशिदीत तो कडवट वास भरून राहिला. आणि एवढं करून दिवा काय करतो? ईशाच्या आधी विझतो! त्या संध्याकाळी अम्मा चुलीपुढं बसून राहिली. मला म्हणाली, "जैनू, आता तर मलाच माझा भरवसा वाटंना. झोपेत उठून मीच पीत आसंन बघ."

मग एक दिवस नदीवर धुणं धुताना माळ्याची राधा आपल्या लेकराला आमच्याजवळ बसवून गेली. अम्मानं त्याला पडू नये म्हणून मांडीवर घेतलं आणि एकदम थांबली. लेकराच्या छातीला नाक लावलं. मग माझं डोकं धरून माझंही नाक तिथं टेकवलं. करंज! राधा आली तेव्हा अम्मा नुसतं म्हणाली, "खोकला बरा हाय का गं ह्याचा?" राधा म्हणाली, "लई उतार पडला, भाबी." अम्मा हसली. ते हसू मला जरा भीतीदायक वाटलं.

आता नाक घेऊन फिरायची पाळी अम्माची. तिनं आमची चूल मुद्दाम विझवली आणि खापरी घेऊन घरोघर विस्तव मागायला निघाली. मी मागोमाग. एका घरात पाळण्यापाशी करंज. दुसऱ्या घरात आजोबांच्या घोंगडीला करंज. पाटलाच्या सुनेच्या पदराच्या टोकाला करंज. शेवटी मलिकाचाचीचं घर. हुसेनचाचा खाटेवर पाय लांब करून पडले होते आणि त्यांच्या गुडघ्यावरून असा भपकारा येत होता की मला शिंक आली. चाचा बिचारे नाक मुरडत म्हणाले, "दवा हाय, पोरी. कडू दवाच गुन देती." अम्मानं निखारा घेतला, सलाम केला आणि बाहेर आली. मी म्हटलं, "अब्बांना सांग ना आत्ताच!" ती म्हणाली, "कावून सांगू? त्यांनी इचारलंय का मला कधी?"

साहेब आला तो सकाळी, तट्टावर बसून, मागं एक चपराशी. हडकुळा, चष्मेवाला माणूस. त्यानं हौदाचं पाणी ओंजळीत घेऊन बघितलं, चटईवरून बोट फिरवलं, विहिरीचा दोर ओढून बघितला. एक वाटसरू आदल्या दिवशीपासून मुक्कामाला होता, त्याला जेवलास का म्हणून विचारलं. सगळं चोख निघालं. मग तो लिंबाखाली सतरंजीवर बसला. समोर हुसेनचाचा पाय पसरून, शेजारी सोपान आणि गावची चार माणसं. बायका भिंतीकडेला. अम्मा आमच्या दाराआड, आणि मी तिला चिकटून.

साहेबानं दिव्याचं विचारलं. हुसेनचाचा म्हणाले, "साहेब, तेल ऱ्हातंय मुलाण्याच्या चुलीपाशी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर काय ऱ्हानार?"

साहेबानं अब्बांकडं बघितलं. "तू खरा माणूस दिसतोस. खुदाला स्मरून सांग, तुझ्या घरातून तेल जातं की नाही?"

अब्बा खाली बघत म्हणाले, "माझ्या हातून तर गेलेलं न्हाई, साहेब."

माझ्या हातून! अम्माचा हात माझ्या खांद्यावर होता, त्याची बोटं रुतली. अब्बा खोटं बोलू शकत नव्हते, हे मला आज कळतं. जे ठाऊक होतं तेवढंच ते बोलले. पण त्या दिवशी मला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी खोटं बोललं असतं तर बरं झालं असतं. मला अजूनही तसंच वाटतं.

तेवढ्यात अम्माचा आवाज दाराआडून निघाला, खणखणीत. "साहेबांना सलाम सांगा. म्हनावं, दिव्यातलं तेल करंजाचं हाय, त्याचा वास काय लपत न्हाई. चोर धरायचाय तर आदी हुसेनचाचांच्या गुडघ्यापाशी नाक न्यावं."

हुसेनचाचा लालबुंद झाले. "काय बोलती ही बाई! ही दवा हाय! माझ्या घरची!"

"घरात कुटनं आली, त्ये चाचीला इचारा."

सगळ्यांच्या माना भिंतीकडं वळल्या. मलिकाचाचीनं पदर तोंडावर ओढला, पण बाई घाबरणारी नव्हती. "चोरी कशाची? कापूस बुडवून दिव्यातलं बोळाभर तर घेतलं. खुदाच्या घरी जळालेलं तेल, त्याला लई गुन. तुमीच अंधारात पडलतात, मग मी काय करू?"

सोपान तेली गुडघे बडवत हसायला लागला. भिंतीकडून त्याची म्हातारी आई खेकसली, "सोप्या, दात काय काढतूस? पोराच्या खोकल्याला मीबी न्हेलं की!"

"आये! घाना आपल्या दारात, आन् तेल मशिदीतनं?"

"घरच्या तेलाला कुटं गुन आस्तोय रं? देवापाशी जळालेलं पायजे."

मग काय विचारता! राधानं सांगितलं, पाटलाच्या सुनेनं सांगितलं. प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच, आणि आपलं ते एवढंसंच. औषधाला नेलं तर ती चोरी कशी होईल? अम्माला नावं ठेवताना एकीच्याही मनात आपला बोळा आला नव्हता. साहेबानं चष्मा काढून डोळे पुसले. हसून की काय, ते मला दारातून दिसलं नाही. म्हणाला, चाकरी मुलाण्याकडंच राहील, पण या बायकांना आवरा. तेव्हा अम्मा पुन्हा बोलली, "आवरायचं कावून? बाहेरच्या कट्ट्यावर एक बारका दिवा मी येगळा लावीन. ज्याला पायजे त्यानं त्यातलं न्यावं. पन उजेडात न्यावं, पदराखाली न्हाई." हुसेनचाचा मान खाली घालून लंगडत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून पेरूंची पाटी आली. अम्मानं ती मुक्कामाच्या वाटसरूपुढं ठेवली.

तो बारका दिवा पुढं कितीतरी वर्षं जळत होता. आता माझा नातू इथल्या मशिदीच्या कमिटीवर आहे. फरशी, पंखे, नळ, भिंतीवर नियमांचा बोर्ड, सगळं झकास. मी त्याला विचारलं, कोनाड्यात दिवा ठेवता का रे? म्हणाला, दादी, ट्यूबलाइट आहे ना. बरं आहे. ट्यूबलाइटीतून कुणी काही नेऊ शकत नाही.

साहेब गेला त्या दुपारी अब्बा जेवायला आले. हातपाय धुऊन बसले. अम्मानं वरणाचं पातेलं त्यांच्यासमोर आणून ठेवलं आणि झाकण काढलं. मग भाजीचं गाडगं आणलं, त्याचंही झाकण काढलं. म्हणाली, "बगा."

"काय बगू?"

"नीट बगून घ्या. वास घ्या. मग वाढते."

अब्बांनी तिच्याकडं बघितलं आणि मग खाली. त्या दिवसानंतर अम्मानं त्यांना एकही जेवण आधी झाकणं काढून दाखवल्याशिवाय वाढलं नाही. भांडली नाही, टोमणा मारला नाही. अब्बांनी बीडच्या बाजारातून तिला नवी कढई आणली. ईदेला तिनं दारंखिडक्या उघड्या टाकून त्यात गुलगुले तळले, गावभर वाटले, आणि अब्बांना वाढताना आधी झाकण काढून दाखवलं. माझं लग्न झालं, माझी मुलं झाली, मोगलाई गेली. मी माहेरी जायचे तेव्हा बघायचे, झाकण निघतंय, अब्बा मान हलवताहेत, मग ताट. माझ्या मुलांना ती नानीची काही रीतच वाटायची.

शेवटच्या आजारात अब्बांना पेजेखेरीज काही जात नव्हतं. मी उशाशी होते. अम्मा वाडग्यावर ताटली झाकून पेज घेऊन आली, खाली बसली आणि सवयीनं ताटलीला हात घातला. अब्बांनी हात उचलून ताटलीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "झाकलेलीच दे."

"झाकलेली पेज कशी पिनार?" अम्मा म्हणाली. पण तिनं ताटली काढली नाही. त्यांचा हात तसाच होता, तिनं आपला त्याच्यावर ठेवला. दोघांनीही हात काढला नाही, आणि पेज निवून गेली.